नवलनानाचा मंजूर जिना

जळगावहून धुळ्याकडे जाताना वाटेत एक गाव लागतं, त्याचं नाव मी सांगणार नाही. जळगावकर म्हणतात ते धुळ्याकडचं, धुळेकर म्हणतात ते जळगावकडचं. म्हणजे ते आपलं आहे असं कबूल करायला कुणी तयार नाही, आणि एकदा गाव पाहिलं की त्यात त्यांचं काही चुकतं असंही वाटत नाही. मी इथलाच असल्यामुळे मला नाकारायची सोय नाही.

या गावात कुठलीही खोली तिच्या खऱ्या नावानं कागदावर नांदत नाही. दवाखाना कागदावर राहतं घर आहे. मंगल कार्यालय कागदावर शेतमालाची शेड आहे, त्यामुळे आमच्याकडची लग्नं कायद्यानं बघायला गेलं तर मक्याच्या ढिगावर लागतात. आणि पार्किंगचं तर बोलायलाच नको. कित्येकांचे संसार पार्किंगमध्ये थाटले गेले, पोरंबाळं पार्किंगमध्ये झाली, म्हातारी माणसं पार्किंगमध्ये गेली; नकाशात मात्र तिथे अजून तीन स्कूटर ओळीनं उभ्या आहेत.

या सगळ्या खोल्यांची बारशी करणारा माणूस म्हणजे नवल बोरसे, आमचा नवलनाना.

नानाचं टेबल बांधकाम मंजुरीच्या कार्यालयासमोर, एका झेरॉक्सच्या दुकानात. धुळ्याच्या आयटीआयमध्ये तो नकाशे काढायला शिकला आणि हात असा वळणदार की नकाशा भिंतीवर टांगावा. जुन्या ओळखीच्या एका इंजिनिअरचा शिक्का त्याच्या खणात असे. इंजिनिअर पुण्याला मुलाकडे असे. प्रत्येक प्लॉटवर झाडं दाखवायची असतात, ती नाना एकेक करून काढायचा, गोल, खुसखुशीत, कांदाभज्यासारखी. वनखात्यानं लावली नसतील एवढी झाडं या माणसानं कागदावर लावली. त्यातलं एकही उगवलं नाही, पण एकही कधी वाळलं नाही.

स्वभावानं गडी लोण्यासारखा. कुणाला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही. गरिबाचं एका खोलीचं काम असो की शेठचा मजला, तो त्याच आस्थेनं खोटं काढायचा. मी चहाला जाऊन बसलो की मला शिकवायचा.

"हे बघ भाऊ, सरकार दोन गोष्टी विचारतं. बांधलंय कशाचं, आणि आत काय राहणार. काँक्रीट आगीपुढे बराच वेळ टिकतं, म्हणून त्यात जास्त जागा बांधू देतात. पत्रा आणि लोखंडी अँगल तापले की मेणासारखे वाकतात, म्हणून त्यांना थोडी. त्यात माणसं दाटीनं बसणार असतील तर अजून थोडी. पण तिथे भांडीकुंडी ठेवणार असशील, तर जरा पाय पसरता येतात."

"भांड्यांचे एवढे लाड का?"

"भांड्यांना पळावं लागत नाही," नाना म्हणाला आणि बशीतला चहा फुरकला.

नियम इतका शहाणा आहे की तो कुणीतरी आग पाहून केला असावा. आणि तो नानाला पाठ होता. एखाद्याला कुलूप कसं बनतं ते पक्कं ठाऊक असावं आणि त्यानं त्या विद्येवर फक्त किल्ल्याच पाडाव्यात, तसं ते चाललं होतं.

जितेंद्रशेठ आमच्या गावातले गादीवाले. तळमजल्यावर गाद्यांचा कारखाना: पिंजलेला कापूस, फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या. त्यावर शेठनी लोखंडी अँगल रोवून पत्र्याचा लांबलचक हॉल चढवला आणि स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी अभ्यासिका काढली. खानदेशातला उन्हाळा पत्र्याखाली काढायचा म्हणजे पोरांचं भरीतच, म्हणून पत्र्याखाली थर्माकोलचं छत. एसी लावला, तर थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांवर प्लायवूड ठोकलं. यायला-जायला एकच जिना, पुढचा, आणि त्याच्या खाली फोमची कात्रणं भरलेली पोती. जिन्याच्या कोपऱ्यात लाल बादल्या टांगल्या होत्या, वाळूसाठी. वाळू कधी आलीच नाही, म्हणून लोकांनी त्या गुटखा थुंकून भरत आणल्या होत्या. तिथून वर जाताना मी नेहमी श्वास धरायचो.

माणसांसाठी हा हॉल नियमात बसेना. पत्र्याचा एवढा मोठा मजला, आत एवढी माणसं, खाली कापूस. कुठूनही मोजा, जास्तच. शेठ नानाकडे आले. नानानं पेन्सिलीला टोक केलं आणि वरच्या मजल्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'भांडी साठवण'. तरीही मजला मोठा पडला, मागून दुसरा जिना हवाच होता. मग नानानं मागून जिना काढला. तो जिना मी पाहिलाय. काय तो जिना! रुंद पायऱ्या, मध्ये विसाव्याचा टप्पा, वर दार, आणि एक बाण, त्यावर 'वर' असं लिहिलेलं. प्रत्यक्षात मागच्या कोऱ्या भिंतीला फक्त शेजारच्या तेलगिरणीची सावली माहीत होती.

एवढ्या कामाच्या बदल्यात शेठनी नानाच्या सपनाला अभ्यासिकेत कायमची खुर्ची दिली. नानाचं घर दोन खोल्यांचं, शेजारी दिवसभर टीव्ही. सपना तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. मुलगी तल्लख आणि तोंडाची फटकळ. बापानं नकाशात काय लिहिलंय ते तिला माहीत होतं.

"नाना, मी कोणतं भांडं?" ती टेबलाशी येऊन विचारायची.

"तू आपली कळशी."

"आणि माझ्या पुढे बसतो तो घोरतो, तो?"

"तो डेग."

"डेगीला जरा हळू घोरायला सांगा. कळशीचं पाठांतर होत नाही."

आणि दोघं हसायची. मीही हसायचो. गावात त्यावर हसणं यालाच समंजसपणा म्हणतात.

मंजुरीच्या कार्यालयातले साहेब आगीच्या पाहणीला येण्याचा दिवस ठरला. आग विझवायची लाल नळकांडी शेठच्या मेव्हण्याच्या पेट्रोल पंपावरून उसनी आणून भिंतीला टांगली. पोरांना सांगितलं, साहेब असेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. साहेब आले, तळमजल्यावरच्या नव्या गादीवर बसले, आणि वर खुर्ची करकरली.

"वर काय आहे?"

"भांडी, साहेब," नाना म्हणाला.

"आत्ता हललं काहीतरी."

"मांजर असेल."

तेवढ्यात मांजर शिंकलं. साहेबांनी छताकडे बघितलं, नानाकडे बघितलं, आणि मग या पाहणीतला सगळ्यात खोल प्रश्न विचारला, "वांगी असोद्याची आणलीत ना?"

कारण दिवस थंडीचे होते, आणि आमच्याकडे थंडीत कुठलंही काम भरीताशिवाय पुरं झालं असं धरत नाहीत. जमीन घेतली, भरीत. जावई आला, भरीत. आणि इमारत आगीपासून सुरक्षित असल्याचा कागद मिळाला, तर भरीत हवंच. असोद्याची हिरवी-पांढरी, बुटाएवढी वांगी सकाळच्या बसनं आली होती. सही झाली, शिक्का बसला, उसनी नळकांडी लगेच रिक्षात घालून पंपावर परत पाठवली, आणि बेबाबाई काड्या घेऊन आली.

बेबाबाई म्हणजे आमच्या गावची भरीत करणारी. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती हात लावत नाही. अंगणात चूल मांडली तर वारा सुटलेला.

"शेठ, उघडावर वारा शे," ती म्हणाली. "वांगं एक बाजूथीन कच्चं राही."

"मग आडोशाला पेटवा," शेठ म्हणाले.

"आडोसा कोठे शे?"

शेठनी बोट दाखवलं. जिन्याखाली. नाना तिथेच उभा होता, मी तिथेच उभा होतो, साहेब तर आगीचेच साहेब. सगळ्यांना भूक लागली होती. कुणीतरी फोमची पोती जरा पलीकडे ढकलली आणि काड्या पेटल्या.

पहिली वांगी छान भाजली. सालं तडतडली, तो वास सुटला, साहेबांनी बेल्ट एक भोक सैल केला. मग एका काडीची ठिणगी पोत्यावर बसली. फोम जळताना आधी नुसता वितळतो, कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं तेव्हा काळा, चिकट धूर उठलेला असतो. जिना म्हणजे आयतं धुराडं. तो धूर पायऱ्या चढून सरळ वर गेला, जसा एखादा शिकवणीला जातो.

वरून आधी खोकला ऐकू आला. मग खुर्च्या पडल्याचा आवाज. मग पायांचा, एकदम, सगळ्या मजल्यावर. इतकी भांडी एका वेळी पळताना मी कधी ऐकली नव्हती.

"नळकांडं! नळकांडं कुठे आहे?" साहेब विचारू लागले. नळकांडी पंपावर पोचली होती.

पुढच्या जिन्याच्या तोंडाशी तर उभंच राहवेना. आणि तेव्हा मी नवलनानाला पाहिलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, धोतर असतं तर सुटलं असतं असा तो धावला. पुढे नाही, इमारतीला वळसा घालून मागे. मला वाटलं घाबरून पळाला. मी त्याच्या मागे गेलो.

मागे नाना भिंतीसमोर उभा होता. कोरी, उंच, विटांची भिंत. तो दोन्ही तळहातांनी ती चाचपत होता, इकडे सरकून, तिकडे सरकून, अंधारात दिव्याचं बटण शोधतात तसा. "इथेच आहे," तो म्हणत होता. "तेलगिरणीच्या बाजूलाच काढला होता. इथेच आहे." त्यानं एक पाय उचलला सुद्धा. पायरीवर ठेवायला.

वर, पत्र्याआड, त्याची कळशी खोकत होती.

पोरांनीच काय ते केलं. खुर्च्यांनी बाजूच्या खिडकीचं प्लायवूड फोडलं आणि एकेक करून तेलगिरणीच्या पत्र्यावर उड्या टाकल्या. गिरणीवाल्यांनी शिडी लावली. पुढच्या बाजूला बेबाबाईनं पंगतीसाठी भरलेलं पाण्याचं पिंप एकटीनं कलंडवलं, आग विझली, आणि ती कपाळ बडवत बसली. सपना शेवटच्या काही जणांत उतरली. तळहात पत्र्यानं कापलेला, नाकपुड्या काळ्या.

इथपर्यंत जे झालं त्याला निदान अपघात म्हणता येतं. पुढच्याला म्हणता येत नाही.

शेठनी पोरांकडे नजर फिरवली. "बठ्ठी सुखरूप शेतस ना? चला, देवाची कृपा. पंगत मांडा, पुऱ्या गार होताहेत."

आणि पंगत मांडली. अंगणात, त्या काळ्या पाण्यात विटा टाकून. भरीत ठेचलं गेलं, वर कांद्याची पात पडली, शेंगदाणे पडले. साहेब जेवले. दोनदा घेतलं. बोटं चाटत म्हणाले, "धुराची चव मस्त उतरलीय." पाच हातांवर एक पोरगी ओकत होती, तिच्याकडे पाठ करून बसायची सोय व्हावी म्हणून एकानं आपलं पान फिरवून घेतलं. मला पुढ्यातल्या त्या हिरव्या-तपकिरी गोळ्यात फोम दिसू लागला. भरीत सोडून उठलेला खानदेशी माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि तो मीच होतो.

नाना पंगतीला बसलाच नव्हता. तो सपनाच्या शेजारी रस्त्याच्या कडेला टेकला होता, तिच्या हाताला स्वतःचा रुमाल बांधत.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही मागे कशाला गेले होते?"

नाना रुमालाची गाठ मारत राहिला.

"जिना शोधायला?"

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना नकाशा घेऊन कार्यालयात गेला. म्हणाला, यातला जिना खोडायचाय आणि 'भांडी' खोडून 'मुलं' लिहायचंय. कारकुनानं हात जोडले. "नाना, मंजूर नकाशात खाडाखोड चालत नाही. तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

आतून साहेब म्हणाले, "जिना नकाशात आहे. नकाशा मंजूर आहे. म्हणजे जिना आहे. घरी जा."

शेठनी पत्र्यावर नवं थर्माकोल लावलं, उदबत्त्या जाळून वास मारला आणि अभ्यासिका पुन्हा उघडली. सपना गेली नाही. बाकीची पोरं गेली, कारण जाणार कुठे? नाना पालकांना गाठून सांगू लागला की तिथे मागून वाट नाही. लोक म्हणायचे, "असं कसं नाना, तुम्हीच तर पास करून आणलं." शेठ तर विचारणाऱ्याला तो शिक्क्याचा कागदच दाखवायचे. त्यात जिना होता, बाणासकट. आपल्याच वळणदार हातापुढे नाना हरला.

मग एका सकाळी, भर बाजाराच्या दिवशी, नाना शिडी, ओळंबा, दोरी आणि काळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन त्या मागच्या भिंतीशी आला. ती भिंत स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून सगळी दिसते. त्यानं दोरीनं रेघा पाडल्या आणि जिना काढायला घेतला. नकाशातला तोच, पण खऱ्या मापाचा. खालची पायरी जमिनीला टेकलेली, मध्ये टप्पा, वर दार. बाण काढला, 'वर' लिहिलं. शेजारी दोन गोल झाडंही काढली, हाताची सवय. आणि खाली मोठ्या अक्षरात: 'मंजूर जिना. आग लागल्यास याचा वापर करावा.'

शेठ धावत आले. "नाना, हे काय लावलंय?"

"काम पुरं करतोय, शेठ. नकाशाप्रमाणे."

"पुसून टाक आधी."

"मंजूर जिना पाडायचा तर वेगळी परवानगी लागते," नाना शिडीवरूनच म्हणाला. "अर्ज करा. मी लिहून देतो."

शेठनी डोळे मिटून विचार केला. जिना नाही म्हणावं तर कागद खोटा. जिना आहे म्हणावं तर तो समोरच होता.

माणसं जमली. पोरांनी पायरीवर चढल्यासारखं उभं राहून फोटो काढले. दुपारपर्यंत हे असंच जत्रेसारखं चाललं होतं, आणि मला शिसारी येत होती, की या गावाला काहीही दाखवा, ते त्याच्यासमोर उभं राहून फोटोच काढेल.

मग द्रौपदाबाई आली. जवळच्या खेड्यातली, मजुरीला जाणारी. मुलाला डबा द्यायला बाजाराच्या दिवशी येते. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्यानं वाचून दाखवलं. ती पिशवी खाली ठेवून भिंतीजवळ गेली, पातळ किंचित उचललं, आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवायला गेली. अंगठा विटेला आपटला.

"हाई तं भिंत शे," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. तिनं वर पाहिलं, त्या रंगवलेल्या दारापर्यंत. मग पिशवी उचलून पुढच्या बाजूला गेली, जिना चढली आणि मुलाचं मनगट धरून त्याला खाली घेऊन आली. मुलगा लाजेनं म्हणत होता, "आई, पेपर जवळ उना." ती ऐकतच नव्हती. डबा तिनं त्याला रस्त्यावर बसवून खाऊ घातला.

त्यानंतर बाकीचे आले. कुणी भांडण केलं नाही, कुणी तक्रार दिली नाही. एकेक जण भिंतीपर्यंत जाई, तळहात टेकवून बघे, आणि वर जाऊन आपलं भांडं घेऊन येई. पुढच्या बाजारापर्यंत हॉल रिकामा झाला.

शेठनी साहेबांना बोलावलं. साहेब टेप घेऊन आले. त्यांनी भिंतीवरच्या पायऱ्यांची रुंदी मोजली, उंची मोजली, टप्पा मोजला. मी हे स्वतः पाहिलंय, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर मीही थाप म्हटलं असतं. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शेठला म्हणाले, "मापं बरोबर आहेत."

आता तो हॉल शेठनी एका मंडपवाल्याला भाड्यानं दिलाय. आत डेगी आहेत, पराती आहेत, कळशा आहेत. आमच्या गावात कागदाप्रमाणे वापरली जाणारी ही एकमेव इमारत. शेठ कार्यक्रमात अभिमानानं तसं सांगतातही, आणि लोक टाळ्याही वाजवतात.

नानाच्या टेबलासमोर गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यानं तो उसना शिक्का पुण्याला धाडून दिला आणि आता खोलीला खोली म्हणतो. असल्या माणसाकडे कोण जाणार? शेजारच्या टपरीतल्या नव्या पोराकडे रांग लागते. टेबल मोकळं म्हणून त्याच्या एका बाजूला सपना अभ्यास करते. झेरॉक्स मशीन दिवसभर खडखडतं, ती कानात कापूस घालते. काल मला म्हणाली, "डेग घोरायची ते बरं होतं."

आज सकाळी नाना माझ्या घरी आला. हातात पिशवी. म्हणाला, शेठनी गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी अभ्यासिका काढलीय, तळघरात. नकाशा टपरीतल्या पोराचा. कागदावर पोरं या वेळी स्कूटरी आहेत, आणि मागून उतरायला रॅम्प दाखवलाय.

"असेल की खरा," मी म्हणालो. म्हणताना मलाच किळस आली.

"असेल," नाना म्हणाला. "बघून येऊ."

आम्ही गेलो. पुढून पोरं चपला काढून खाली उतरत होती. आम्ही वळसा घालून मागे गेलो. मागे भिंत होती, ताजी, चुना मारलेली. नानानं तिच्यावर तळहात टेकवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, हात झटकला आणि पिशवीतून काळ्या ऑइलपेंटचा डबा काढला.

"शिडी आण," तो म्हणाला.